देवळालीच्या मास्तरांचा नाद

दरवर्षी एक तास मी कापरेकर मास्तरांसाठी राखून ठेवते. पुस्तकं मिटायला लावते आणि सांगते, कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेला आकडा वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४च! कुणाचंही गाडं सात फेऱ्यांच्या आत इथेच येऊन थांबतं. सगळ्यांच्या वहीत तोच आकडा बघून वर्गात जो गलका होतो, तो मी थांबवत नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. नाद मात्र असा, की आपल्या गावाचं नावसुद्धा त्यांनी संख्यांना देऊन टाकलं. २१ मध्ये त्याचेच अंक मिळवले की २४ होतात; पण २० असा कुठल्याच आकड्यापासून मिळत नाही. अशा संख्या त्यांच्यासाठी ‘देवळाली संख्या’. हे किरकोळ खेळ आहेत म्हणून अनेकांनी हसण्यावारी नेलं. ते पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. १९७५ मध्ये गणितातल्या गमतींवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं. तेव्हा मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

पालक मला विचारतात, मुलाला आवड कशात आहे ते कळायला कुठली टेस्ट आहे? मी म्हणते, न सांगता तो काय करत बसतो ते बघा, आणि तेवढा वेळ त्याच्याकडून काढून घेऊ नका. क्लासच्या वेळापत्रकात नेमका तोच वेळ आधी कापला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, दोनच अंक घेतले तर?” मी खडू तिच्या हातात दिला. ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१. आकडा थांबेचना, गोल गोल फिरत राहिला. घंटा झाली तेव्हा ती पाच अंकांवर पोचली होती. पुढचा तास मराठीचा. मी मराठीच्या बाईंकडून तिच्यासाठी दहा मिनिटं मागून घेतली.