काढायला वीस मिनिटं, परत लावायला दोन महिने

"आम्ही फक्त टेस्ट करतो, दुरुस्ती करत नाही." हे वाक्य मी दोन महिन्यांत तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा गाडीची प्रदूषण तपासणी करणाऱ्या त्याच माणसाकडून आणि तिन्ही वेळा पैसे भरून झाल्यावर.

मूळ गाढवपणा माझाच, हे आधीच कबूल करतो. मी सॅन होजेला राहतो. हौस म्हणून 1982 ची टोयोटा कोरोला घेतली, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). बॉनेट उघडलं की काळ्या रबरी नळ्यांचं जंजाळ आणि कोपऱ्यात डालड्याच्या डब्याएवढा एक काळा डबा. मित्राकडे 1974 ची फोक्सवॅगन बीटल आहे. तो म्हणाला, "हा चारकोल कॅनिस्टर. काढून टाक, मी कधीच काढलाय. काही होत नाही." वीस मिनिटांत काढला. टाकीकडून येणाऱ्या नळीत एक बोल्ट कोंबला, वरून क्लॅम्प आवळला आणि डबा भंगारात दिला. इंजिन कसं मोकळं मोकळं दिसायला लागलं! फोटोसुद्धा काढला.

कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक (धूर आणि तो रोखणारे भाग यांची सक्तीची तपासणी) नसतो, हे मित्रानं सांगितलं नाही. त्याची 74 ची, माझी 82 ची. डबा काढायची परवानगी कायद्यानं त्यालाही नाही, फक्त त्याच्या बॉनेटखाली कोणी डोकावत नाही.

पहिला चटका उन्हाळ्यात बसला. दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी सुरूच होईना. पेट्रोलचं झाकण फिरवलं तर कुकरची वाफ सोडावी तसा फुस्स आवाज. तो डबा नुसता शोभेचा नव्हता. टाकीतल्या पेट्रोलची वाफ कोळशात धरून ठेवायची आणि इंजिन तापलं की ती कार्ब्युरेटरकडे ओढू द्यायची, हे त्याचं काम. मी नळीत बोल्ट मारल्यामुळे वाफेला वाटच राहिली नाही. या गाड्यांचं झाकण बाहेरची हवा आत घेतं, आतली वाफ बाहेर सोडत नाही. टाकीत दाब वाढला की पेट्रोल ते अडवणाऱ्या सुईच्या व्हॉल्व्हला न जुमानता कार्ब्युरेटरमध्ये चढतं आणि इंजिन 'फ्लड' होतं, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलनं गुदमरतं. शिवाय कार्ब्युरेटरच्या फ्लोट बोलची (पेट्रोल साठणाऱ्या वाटीची) नळी आता उघडीच, त्यामुळे गॅरेजमध्ये कायम वास. बायको म्हणाली, "लहानपणी रेशनच्या दुकानात रॉकेलच्या रांगेत उभं राहायचे ना, तसं वाटतंय."

तरी मी ढिम्म. मग रजिस्ट्रेशनच्या नोटिशीत 'स्मॉग चेक आवश्यक' असं आलं.

पहिली फेरी. धुराची चाचणी झकास पास. रोलरवर ताशी 15 आणि 25 मैलांना सगळे आकडे मर्यादेच्या आत. मग टेस्टवाल्यानं बॉनेट उघडलं, कोपऱ्यातल्या रिकाम्या ब्रॅकेटकडे बोट दाखवलं आणि फेल केलं. इथवर माझी तक्रार नाही. जंकयार्डात स्वतःच पाना घेऊन जायचं असतं, तिथे दोन शनिवार घालवून त्याच पिढीच्या कोरोलाचा कॅनिस्टर मिळवला. (कॅनिस्टर घेताना कानाशी धरून हलवा आणि उलटा करून झटका. मी उचललेल्या पहिल्या डब्यातून तळहातावर मिरीएवढे कोळशाचे दाणे पडले. तळाचा फिल्टर फाटलेला. तो लावला असता तर तेच दाणे कार्ब्युरेटरमध्ये गेले असते.) कुठली नळी कुठे जाते ते अर्थातच लिहून ठेवलं नव्हतं. बॉनेटखाली नळ्यांच्या नकाशाचा स्टिकर असतो, माझा अर्धा वाचता येत होता, त्यावर निभावलं.

दुसरी फेरी, आणि इथे अडकलो. 1976 ते 1995 च्या गाड्यांना आणखी एक चाचणी असते. पेट्रोल भरायच्या तोंडातून टाकीत किरकोळ दाब देतात आणि तो टिकतो का पाहतात. माझा टिकला नाही. कागदावर फक्त 'फेल'. मी विचारलं, गळतंय कुठे? "आम्ही फक्त टेस्ट करतो." अहो, दुरुस्ती नका करू, बोट तर दाखवा! "दुरुस्तीच्या दुकानात जा." त्याच्या परवान्यात खरंच दुरुस्ती बसत नव्हती, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी माझं डोकं असं फिरलं की मी कागद नीट वाचलाच नाही. तडक जाऊन पेट्रोल टाकीचं नवं झाकण आणलं. बॉनेटखालच्या सगळ्या व्हॅक्यूम नळ्या बदलल्या, दोन रविवार, बोटं काळी. रजिस्ट्रेशनची मुदत संपली म्हणून 50 डॉलर भरून 60 दिवसांचा तात्पुरता परवाना काढला.

तिसरी फेरी. फेल. तोच चेहरा, तेच वाक्य. घरी येऊन गाडीतच बसून राहिलो आणि तेव्हा कुठे आधीचा कागद डोळे उघडून वाचला. त्यावर स्वच्छ छापलेलं होतं: झाकण, पास. झाकणाची चाचणी वेगळी होते. म्हणजे नव्या झाकणाचे पैसे फुकट.

शेवटी दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं गाडीकडे न बघता एकच प्रश्न विचारला: "टेस्टवाल्यानं चिमटा कुठे लावला होता?" आठवलं. कॅनिस्टरकडे येणाऱ्या टाकीच्या नळीवर. "मग त्याच्या पुढचं काहीही बदललंस तरी काय उपयोग? तो टाकीपासून चिमट्यापर्यंतचंच तपासतो. मागे बघ."

मागे बघितलं. डिकीतलं पुठ्ठ्याचं पॅनेल काढलं की पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणारी जाड रबरी नळी दिसते. वरून एकदम धडधाकट. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा खाली सरकवला तर खालच्या अंगाला क्लॅम्पलगत बोटाच्या पेराएवढी चीर. नखानं दाबली की तोंड उघडायची. चाळीस वर्षं जुनं रबर, त्यावर मी बोल्ट मारून महिनोन्‌महिने दाब दिलेला.

कोणी उदबत्तीचा धूर सोडून गळती शोधायला सांगेल, मला एकानं सांगितलं होतं. पेट्रोलच्या टाकीजवळ उदबत्ती! नका करू. साबणाचं पाणी आणि आरसा पुरतो. आणि नळी घेताना 'फ्युएल फिलर'ची म्हणूनच मागा. रेडिएटरची त्याच मापाची स्वस्त मिळते, पण पेट्रोलनं ती फुगते.

चौथी फेरी पास. निकाल परस्पर ऑनलाइन गेला, आठवड्याभरात स्टिकर आला. तो माणूस पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, "दोन वर्षांनी भेटू." मी हसलो नाही.

हो, एक राहिलंच, खरं तर हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. अधिकृत चाचणीआधी 'प्री-टेस्ट' मागता येते. तीच तपासणी, पण निकाल सरकारी नोंदीत जात नाही. हे मला त्या मेकॅनिकनं सांगितलं, नळी बसवून झाल्यावर.