ओटा कडाप्प्याचा असेल तर लिंबू दूर ठेवा

काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या काळ्या कडाप्प्याच्या ओट्यावर मी पाण्यात मिसळलेले व्हिनेगर फवारले आणि चांगले मुरावे म्हणून अर्धा तास तसेच राहू दिले. पुसून घेतले तेव्हा त्या जागची झिलई गेलेली होती आणि राखाडी, खरबरीत डाग उमटले होते. ते आजही तसेच आहेत. कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे, जुन्या घरांतली शहाबादी फरशीही चुनखडीचीच, आणि चुनखडी काय किंवा संगमरवर काय, आम्ल त्यांना खाते. ही गोष्ट शाळेत शिकले होते, पण ती ओट्यापर्यंत कधी आणली नव्हती.

आमच्या पुण्यातल्या मोऱ्यांचे पाणी शेवटी मुळा-मुठेला मिळते, तेथून भीमेला आणि भीमेवरच्या उजनीच्या जलाशयाला. त्यामुळे घरातून वाहून जाणारे पाणी शक्य तितके सौम्य असावे, ही ओढ मला पहिल्यापासून आहे आणि त्या डागांनी ती कमी झाली नाही. मात्र एखादी वस्तू नैसर्गिक आहे एवढ्यावर थांबणे मी सोडले. ती आंबट, म्हणजे आम्ल, आहे की खारी, म्हणजे अल्कली, आणि समोरचा मळ कोणत्या जातीचा आहे, हे मी आधी पाहते. नळावर, बादलीवर आणि गीझरच्या आत बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर बसतो तो क्षारांचा असतो आणि तो आम्लाने सुटतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवले की पुरते. चिमणीच्या जाळीवरचा चिकट थर तेलाचा असतो, त्याला लिंबू काही करत नाही. तेथे अल्कली लागते. पूर्वी हे काम चुलीच्या राखेने होत असे, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. आता राख मिळत नाही, पण कढत पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा तेच काम करतो. खायचा सोडा त्या मानाने फार सौम्य असतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि जाळ्यांना मात्र धुण्याचा सोडा लावू नये, ती काळवंडतात.

याच कारणाने, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून मोरीत ओतण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो, तो मला पटत नाही. दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. फसफसते तो कार्बन डायऑक्साइड आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्याने फारसे काही साफ होत नाही. दोन्ही वापरायचेच असतील तर एकानंतर एक आणि मध्ये भरपूर पाणी ओतून वापरावेत.

माझा खरा आधार आहे तो रिठ्याचा. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेले रिठे वजनावर मिळतात. पंधरा-वीस रिठे फोडून काळ्या बिया काढून टाकाव्यात, कारण फेस देणारे सॅपोनिन सालीत असते, आणि साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पंधरा मिनिटे उकळाव्यात. निवल्यावर हाताने कुस्करून गाळले की तपकिरी, किंचित आंबूस वासाचे पाणी मिळते. त्याला साबणाइतका दाट फेस येत नाही, आणि फेस नाही म्हणजे स्वच्छता नाही ही सवय मोडायला मला बरेच महिने लागले. या पाण्याने मी लोकरीचे कपडे आणि चांदीचे दागिने धुते, आणि बादलीभर पाण्यात वाटीभर घालून फरशीही पुसते. कडाप्प्याला त्याने आजवर काही झालेले नाही. ते टिकत नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवले तर दोन दिवसांत आंबते, म्हणून मी ते शीतकपाटात ठेवते आणि आठवड्याच्या आत संपवते. डोळ्यांत गेले तर भयंकर झोंबते. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांनाही घातक असते, तेव्हा हे पाणी विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात थेट ओतू नये, हे रिठ्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने सांगायला हवे असे मला वाटते.

लिंबू-मोसंबीच्या साली आंबवून बायोएंझाइम नावाचे सफाईचे द्रावणही मी करते: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने वाट. बरणी प्लॅस्टिकची घ्यावी आणि पहिला महिनाभर झाकण रोज सैल करावे, नाहीतर आत साठणाऱ्या वायूने ती फुटू शकते. तयार होणारे द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते, म्हणून ते सिरॅमिकच्या टाइल्स आणि संडासाचे भांडे यांच्यापुरतेच ठेवावे. ते जंतुनाशक आहे असे मी मानत नाही. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा मी पातळ केलेले ब्लीच निःसंकोच वापरते, कारण आजारी माणसाच्या संडासात हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्या दिवशी व्हिनेगर, लिंबूसत्त्व, बायोएंझाइम आणि संडासाचे ॲसिड यांतले काहीही मोरीजवळ फिरकू देत नाही. ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

देवघरातल्या पितळ-तांब्याला चिंच अजूनही सर्वांत उत्तम. तिच्यातल्या टार्टारिक आम्लाने धातूवरचा काळा थर विरघळतो आणि चिमूटभर मीठ घातले की काम लवकर होते. समई, निरांजने आणि ताम्हण उजळल्यावर चिंचेचा अंश कोरीव कामाच्या खाचांत राहू देऊ नये, नाहीतर दोन दिवसांत तेथे हिरवट कळंक दिसू लागतो. मी भांडी दोनदा धुते, जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने लगेच कोरडी करते आणि तासभर उन्हात ठेवते. हे सारे मोरीत बसूनच करते, ओट्यावर नाही.