आतला पापुद्रा

पोर्टल व्हेनवरचे, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेवरचे क्लॅम्प काढले आणि नवं लिव्हर बघता बघता गुलाबी झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. माझं खरं काम मात्र तिथून पुढे होतं. लिव्हरला सुमारे 75 टक्के रक्त पोर्टलमधून मिळतं, पण पित्तनलिका जगतात लिव्हरच्या धमनीवर. ती बंद पडली, तर वरून गुलाबी दिसणाऱ्या लिव्हरच्या आत त्या कुजायला लागतात.

जिवंत दात्याचा उजवा लोब होता. त्याची धमनी जेमतेम 2 मिलिमीटर, ती पेशंटच्या धमनीला जोडायची. मायक्रोस्कोपखाली 9-0 नायलॉनचा, केसाहून बारीक दोरा. एकेक टाका सुटा. क्लॅम्प सोडले, धमनी टपोरली, ठोका दिसला. पाच मिनिटांनी पाहतो तर ती निपचित. डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रावर, पोर्टलची सलग घरघर होती, धमनीचा ठोका नव्हता.

टाके उसवले. पेशंटच्या धमनीचा आतला पापुद्रा, म्हणजे इंटिमा, सुटून झडपेसारखा आडवा आला होता. लिव्हरमधल्या गाठीवर उपचार म्हणून याच धमनीतून पूर्वी औषधं सोडलेली. अशा धमनीवर मी एरवीही फार विसंबत नाही. पण बाहेरून ती अगदी धडधाकट दिसत होती. मागे कापलं, तिथेही पापुद्रा सुटा. आणखी मागे, तेच.

"सर, अजून थोडं मागे जाऊ या?"

मोह मलाही झाला. पण फाटक्या अस्तरावर कितीही सुबक टाके घातले तरी रक्त पुन्हा गोठणारच. ती धमनी सोडली. जठराच्या मोठ्या वळणालगतची उजवी गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनी, तिच्या बारक्या फांद्या एकेक बांधत मोकळी केली आणि पीळ पडू न देता लिव्हरपर्यंत वर वळवली. क्लॅम्प क्षणभर उघडला. रक्ताची धार उसळून ड्रेपच्या कापडावर पडली. अशी धार दिसल्याशिवाय मी जोडायला घेत नाही.

या वेळी या धमनीच्या बाजूला प्रत्येक सुई आतून बाहेर काढली, म्हणजे इंटिमा भिंतीला दाबून बसते. कडेला चिमटा लावलाच नाही. सुई ओवताना श्वास रोखला जात होता. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोलत नव्हतं.

क्लॅम्प सुटले. डॉप्लरवर ठोका आला. तरी अर्धा तास हललो नाही. मग पित्तनलिकेच्या कापलेल्या, इतका वेळ फिकट पडलेल्या कडेवर लालभडक रक्ताचा थेंब फुटला. पुसला, पुन्हा आला.

"आता नलिका जोडू या," मी म्हणालो.