तुम्हाला उभं कुणी केलं?

कटिंगच्या दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा एका दहाव्याला नदीवर गेलो होतो. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प उभे. तेवढ्यात शेजारचा कानाशी येऊन म्हणाला, “कंडक्टर, आता सगळं होऊन गेलंय, तर खरं सांगा. तुम्हाला उभं कुणी केलं होतं?”

तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा बसून लिहितो.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी अपक्ष उभा होतो. मतदारसंघ मराठवाड्यातला, एवढं पुरे. तिथंच राहायचंय मला. १,१८६ मतं पडली, अनामत गेली. का पडलात, असं कुणी विचारत नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही नाही. राज्यात २८८ जागांना ४,१३६ उमेदवार होते, त्यातले २,०८६ अपक्ष, आणि त्यातले निवडून आले दोन. १९९५ साली ४५ अपक्ष आले होते आणि युतीचं सरकार त्यांच्या टेकूवर उभं राहिलं होतं. पण ते बहुतेक तिकीट कापलेले बंडखोर होते, म्हणजे मुळात पक्षातलेच. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर आपल्या मनानं उभा राहतो, हे आमच्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही.

उभं राहण्याचं म्हणाल, तर एकतीस वर्षं मी उभाच होतो, गाडीत. पण तो विनोद झाला.

लोकांची शंका अगदीच बिनबुडाची नाही, हेही सांगतो. उमेदवार खरोखर उभे केले जातात. एखाद्याच्या नावासारखं नाव शोधून आणतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं बोट चुकतं. एका समाजाची मतं फोडायला उभे करतात. आणि फार जणांना ठाऊक नसलेला प्रकार म्हणजे, प्रत्येक उमेदवाराला गाड्यांचे परवाने मिळतात, बूथवर आपला माणूस बसवता येतो. म्हणून नुसती गाड्या-माणसं वाढवायलाही अपक्ष उभा करतात. तो बिचारा स्वतःचं मतसुद्धा दुसऱ्याला देतो. हे सगळं बघितलेल्या माणसानं मला तो प्रश्न विचारला, तर मी रागवायचं कशाला?

फक्त गंमत अशी, की एका बाजूचे म्हणत दुसऱ्या बाजूनं उभं केलंय आणि दुसऱ्या बाजूचे म्हणत पहिल्यांनी. दोघांनाही आपलीच मतं मी खाणार याची खात्री. तेवढी खात्री मला असती तर!

आता कागदावरचं उत्तर. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा, पुरतो; आमच्यासारख्याला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. तेव्हा मला दहा जणांनी उभं केलं. हे दहा जण जमवायला मला जेवढं फिरावं लागलं, तेवढं पुढं प्रचारातही फिरलो नसेन. लोक मत देतो म्हणतात, हसत म्हणतात. सही म्हटली की हात आखडतो, कारण सही राहते. एका रेशन दुकानदारानं सही केली आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, “कंडक्टर, माझं नाव काढा. माझं पोट परवान्यावर आहे.” त्याला कुणी काही बोललं होतं असंही नाही. कुणी बोलायच्या आतच तो घाबरला होता. दुसऱ्या एकाचं नाव यादीत सापडेना. शोधता शोधता कळलं, की २००८ च्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत त्याचं गाव शेजारच्या मतदारसंघात गेलंय. तहसील आमची, बाजार आमचा, सोयरीक आमची, आणि आमदार दुसऱ्यांचा. सोळा वर्षं तो आमच्याच उमेदवारांच्या सभांना येत होता.

शेवटी दहा भरले: माझ्याबरोबर गाडी चालवलेले दोन ड्रायव्हर, एक शिंपी, एक पंक्चरवाला, भाजी विकणाऱ्या दोघी सख्ख्या जावा, तिघं शेतकरी, आणि एक कॉलेजातली मुलगी, वय एकोणीस. ती आपणहून आली. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

मग शपथपत्र. नमुना २६ म्हणतात त्याला. त्यात एकही रकाना कोरा ठेवायचा नसतो. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, नाहीतर छाननीत अर्ज उडतो. तुमच्यावर गुन्हे किती, कर्ज किती, जमीन किती, आणि हे सगळं बायकोचंही. सोन्याचं वजन ग्रॅममध्ये. माझ्या बायकोची पोस्टात आवर्त ठेव आहे आणि ती चांगली मोठी आहे, हे मला लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी भारत निवडणूक आयोगाच्या कृपेनं कळलं. बरं, ते शपथपत्र सगळ्या जगाला बघता येतं. आठ दिवसांत मेहुणा उसने मागायला हजर.

अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, त्या दिवशी धनतेरस. अनामत दहा हजार. काही जण चिल्लर घेऊन जातात, पेपरात फोटो येतो. मी नोटाच नेल्या. सुट्ट्या पैशांवरून एकतीस वर्षं लोकांशी भांडलेल्या माणसानं दुसऱ्याला चिल्लर मोजायला लावणं बरं दिसत नाही.

माघार घ्यायचा दिवस ४ नोव्हेंबर, दुपारी तीनपर्यंत. म्हणजे भाऊबीजेचा दुसरा दिवस. त्यामुळे सगळी दिवाळी घरी फराळाला माणसं. जी कधी आली नव्हती तीसुद्धा. एक लांबचा भाचा तर लाडू खाता खाता म्हणाला, “मामा, तुमचा मान राखू आम्ही.” मान म्हणजे काय, हे मला कळलं. मी त्याला घालवून दिलं असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मी आकडा ऐकून घेतला. माणूस आहे, आपली किंमत किती लावतात ते ऐकावंसं वाटलं. मग नाही म्हणालो. आकडा इथं लिहीत नाही, कारण लिहिला तर म्हणाल, एवढाच?

बायको आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं करंजीचा डबा बंद केला आणि म्हणाली, “पोस्टातले माझे पैसे मात्र या भानगडीत घालायचे नाहीत.” तेवढंच. नंतर त्यातलेच वीस हजार तिनं दिले, ती गोष्ट वेगळी.

चिन्हासाठी मी ऑटोरिक्षा मागितली होती. ती एका नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला गेली, त्यांना आधी मान असतो. मला मिळालं ‘सात किरणांसह पेनाची निब’. हे पोराबाळांना सांगून बघा. एक आजी म्हणाली, “भाल्याचं टोक का?” दुसरी म्हणाली, “दिवा हाय जणू.” मी खिशाला पेन लावून फिरलो, पण हल्लीच्या पेनाला निब कुठं असते! त्यात आम्ही अठरा उमेदवार आणि वर ‘नोटा’, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’चं बटण. एका मशीनवर सोळाच नावं बसतात, आणि अपक्षांची नावं पक्षवाल्यांच्या खाली. मी सतरावा. मग मी घोषणाच तशी केली: दुसरं मशीन, पहिलं बटण. लोकांना वाटलं दुसरं मशीन दुसऱ्या कसल्यातरी निवडणुकीचं आहे.

खर्चाची मर्यादा चाळीस लाख. माझा झाला एक लाख चौतीस हजार. त्याची वही ठेवावी लागते: रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचारात तीनदा तपासायला न्यायची. जिल्ह्याची दरसूची असते; त्यात चहाचा दर, वडापावचा दर, खुर्चीचं भाडं, फेट्याचा दर सगळं दिलेलं. ओळखीच्या हॉटेलवाल्यानं फुकट चहा पाजला तरी दरानं धरायचा. बाकीच्या उमेदवारांना ही वही म्हणजे ताप वाटायची. मला ती सगळ्यात सोपी गेली. वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरून भरून हात बसलेला. तपासणीला माझी वही बघून तिथला कर्मचारी म्हणाला, “कुणाकडून लिहून घेतली?” बघा, इथंही तोच प्रश्न.

पण मी उभा का राहिलो? हे कुणी विचारत नाही म्हणूनच सांगावंसं वाटतं, आणि सांगायला गेलं की गोंधळतो. फाट्यापासून आत नऊ किलोमीटरवर एक गाव आहे. मी तिथली मुक्कामी गाडी करायचो. रात्री देवळात झोपायचं, सकाळी पावणेसहाला कॉलेजची पोरं घेऊन निघायचं. रस्ता खचत गेला आणि गाडी बंद झाली. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला. चांगलंच झालं. पण त्या गावच्या बायका म्हणायच्या, “अर्धं तिकीट हाय, गाडी कुठाय?” सहा मुलींची बारावी सुटली. मी नावं सांगू शकतो, पास बघितलेत त्यांचे. मी आमदार झालो तर रस्ता करीन, एवढंच बोलायचो. सभेत माणसं सोयाबीनचं विचारायची. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्या खाली. मी म्हणायचो, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. असं म्हणून मतं मिळत नाहीत, हे नंतर कळलं.

आणि दुसरंही कारण आहे, ते कमी शोभणारं. दिवसाला दोन-अडीचशे माणसं मला हाक मारायची. रिटायर झालो आणि एका दिवसात सगळं शांत. सकाळी पावणेसहाला जाग यायची आणि कुणालाच माझं काही काम नसायचं. प्रचाराच्या पंधरा दिवसांत पुन्हा माणसं हाक मारायला लागली. ते मला फार आवडलं. रस्त्याचं खरं आहे, पण हेही खरं आहे. कुठलं किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

२० नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला मी बूथवर होतो. मतदान सुरू व्हायच्या आधी दीड तास मशीन तपासायला मॉक पोल घेतात. निदान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराचं बटण दाबायचं, मोजायचं आणि पुसून टाकायचं. आमच्या बूथवर सगळ्यांना सारखीच, तीन-तीन मतं टाकली. मलाही तीन, आमदारसाहेबांनाही तीन, नोटालाही तीन. तो आकडा मी जरा वेळ बघत बसलो. मग केंद्राध्यक्षांनी बटण दाबून सगळं साफ केलं.

२३ तारखेला पाचव्या फेरीनंतर मी घरी आलो. पुढं बूथवार आकडे मिळाले. बंद गाडीच्या त्या गावात मला ६१ मतं होती. आणि ज्या बूथवर माझे सहा सूचक मतदान करतात, मी आणि बायकोही करतो, तिथं मतं पाच. कुणालाही विचारलं नाही. शिंपी दिसला की अजून लांबून नमस्कार करतो, पंक्चरवाला पैसे घेत नाही. असेल त्यांची अडचण. बायकोनं मात्र मला विचारलं, “माझ्यावर तर संशय नाही ना?” आणि हसली. ते हसणं मला अजून कळलेलं नाही.

ती कॉलेजातली मुलगी त्याच बंद गाडीच्या गावची. मध्यंतरी घरी आली. ग्रामपंचायतीला एकवीस वर्षं लागतात आणि तिला ती पुरी होतायत, तर अर्ज भरायचा म्हणते. अनामत किती, कागद कोणते, वही कशी ठेवायची, सगळं विचारायला आली होती. मी पाणी दिलं, चष्मा लावला, आणि तोंडून निघून गेलं, “कुणी सांगितलं गं तुला उभं राहायला?”

ती काही बोलली नाही. पिशवीतून मतदार यादी काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, “काका, यात भाग क्रमांक कुठं बघायचा?”