स्कॉच, व्हिसा आणि मतपेटी

'काय गं, तुमची स्कॉच कधी स्वस्त होणार?' मुलुंडच्या मामांचा हा प्रश्न ठरलेला. मी लंडनला राहते म्हणजे डाउनिंग स्ट्रीटवर माझी ऊठबस असणार, असा त्यांचा समज आहे.

एप्रिल २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन दिल्लीत सांगून गेले की भारत-ब्रिटन व्यापार करार दिवाळीपर्यंत करू. दिवाळी आली तेव्हा ते पंतप्रधान नव्हते, आणि त्यांच्या जागी आलेल्या लिझ ट्रस यांनीही राजीनामा दिलेला होता. मग ऋषी सुनक आले, आणि २०२४ मध्ये दोन्हीकडे निवडणुका. ४ जूनला आपला निकाल, ४ जुलैला इथलं मतदान. थांबलेली बोलणी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

तारखा लांबल्या एवढंच असतं तर बोलायचं कारण नव्हतं. मतदारांचा धाक थेट कलमांत उतरतो. भारतातून काही काळासाठी इथे पाठवलेल्या नोकरदारांना तीन वर्षं इथला नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षेचा हप्ता) भरावा लागणार नाही, असं मे २०२५ मध्ये ठरलं. त्याच्या पाचच दिवस आधी इथल्या स्थानिक निवडणुकांत स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाने मुसंडी मारली होती. मग काय, 'ब्रिटिश कामगारांवर अन्याय' म्हणून विरोधकांनी रान उठवलं. अमेरिका, जपानशी अशीच सोय आधीपासून आहे, पण ते ऐकायला वेळ कोणाला!

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. दूध, चीज आणि सफरचंदं आपण करारातून बाहेर ठेवली. कोल्हापूरपासून काश्मीरपर्यंत मतं कुठे आहेत ते दिल्लीला ठाऊक असतं. कांद्याला तर करारही लागला नाही. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला, नाशिकचं मतदान २० मेला. (तरी नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्याच.)

मामांसाठी उत्तर: स्कॉचवरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर, आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं करारात ठरलंय. दुकानातली किंमत मात्र राज्याच्या करावर अवलंबून, तेव्हा फार आशा नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कीर स्टार्मर उद्योजकांचा मोठा ताफा घेऊन मुंबईत आले, राजभवनात मोदींना भेटले. व्हिसाचा विषयच नाही, हे त्यांनी येतानाच पत्रकारांना सांगून टाकलं होतं. ऐकवायचं होतं ते इथल्या मतदारांना. पवईत नोकरी करणारा माझा मावसभाऊ लंडनला यायचं म्हणत होता. त्याला म्हटलं, तूर्त जर्मनीचं बघ.