पाच मैलांना दहा तास: सिएरा नेवाडातल्या तळ्यांची आडवाट

नकाशावर ती रेघ ओढायला मला फार तर पाच मिनिटं लागली असतील. पाय्यूट पास ओलांडायचा, म्यूरिएल तळ्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी वर गटे तळी, त्यावर अल्पाइन कोल ही खिंड, आणि पलीकडे उतरलं की डार्विन बेंच हा तळ्यांचा कातळी टप्पा. म्यूरिएलपासून मोजलं तर जेमतेम पाच मैल. "दुपारचं जेवण पलीकडे," असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. आम्ही पलीकडे टेकलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. निघालो होतो सकाळी साडेसातला.

आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि नाशिकहून सुट्टीला आलेला तिचा धाकटा भाऊ. मेव्हणा सह्याद्रीत मुरलेला. अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सगळं झालेलं. मीही पंधरा वर्षांपूर्वी त्याच घसाऱ्यांवर पाय घासून शिकलो. त्या अनुभवाचा इथे उपयोग झाला, आणि त्याच अनुभवाने तोंडावरही पाडलं. सगळे आकडे मैल आणि फुटांत देतोय, कारण तिथले नकाशे आणि पाट्या त्यातच आहेत.

जागा कॅलिफोर्नियातली. बिशप गावातून १६८ नंबरच्या रस्त्याने वर गेलं की नॉर्थ लेक येतं, साधारण ९,३०० फुटांवर. म्हणजे गाडीतून उतरतो तिथेच आपण कळसूबाईच्या पावणेदोनपट उंचीवर असतो. तिथून पाय्यूट पास (११,४२३ फूट), अल्पाइन कोल (१२,३०० च्या आसपास), डार्विन कॅन्यन, लामार्क कोल (जवळपास १२,९००) आणि परत नॉर्थ लेक, अशी फेरी. वीसेक मैलांची, त्यात एव्होल्यूशन तळ्याची जोड दिली तर आणखी चारेक. आम्ही वर चार रात्री काढल्या. तीन रात्रींतही होते, पण मग तळ्याकाठी बसणं होत नाही, आणि तळ्याकाठी बसायचं नसेल तर एवढं ओझं कशाला वाहायचं?

दिशा हीच ठेवा, असं माझं ठाम मत आहे. उलट गेलात तर पहिल्याच दिवशी पाठीवर पाच दिवसांचं अन्न घेऊन साडेतीन हजार फूट चढून लामार्कवर जावं लागतं. पाय्यूटची वाट मळलेली आहे, लॉक लेव्हन आणि पाय्यूट तळ्याच्या काठाकाठाने हळूहळू वर नेते. शरीराला उंचीची ओळख होते. नाशिकहून आलेल्या माणसासाठी तर हे फारच गरजेचं. चढाईच्या आदल्या रात्री नॉर्थ लेकच्या कॅम्पग्राउंडवर झोपलो, तरीही म्यूरिएलला मेव्हण्याचं डोकं ठणकलंच. पाणी, थोडं मीठ-साखर, लवकर झोप, आणि सकाळी गडी ताजातवाना. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी खालीच जायचं, हे आम्ही घरीच ठरवलं होतं. असलं काही ११,००० फुटांवर ठरवायला बसू नका. तिथे प्रत्येकजण "मला काही होत नाहीये" असंच म्हणतो.

परवान्याचं आधी बघा. इन्यो नॅशनल फॉरेस्टचा रात्रीच्या मुक्कामाचा परवाना लागतो, आणि तो तुम्ही ज्या वाटेने आत शिरता त्या वाटेचा असतो. बाहेर कुठूनही पडा. आपल्याला हवी ती पाय्यूट पासची वाट. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर ६० टक्के जागा सहा महिने आधी सुटतात आणि उरलेल्या ४० टक्के दोन आठवडे आधी. मला पहिल्या खेपेत शनिवार मिळाला नाही. दुसऱ्या खेपेत मंगळवार सहज मिळाला. आठवड्याच्या मधला दिवस पकडा.

आता त्या रेघेबद्दल.

माझ्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, ४० फुटांचा फरक होता. याचा अर्थ असा, की ३५ फुटांचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे सुखाने लपू शकतो. आणि मोटारीएवढे धोंडे एकावर एक रचलेलं मैदान नकाशावर अगदी सपाट, गुळगुळीत दिसतं. गटे तळ्याचा काठ मला तसाच दिसला होता. म्हटलं, सपाट आहे, अर्धा तास. प्रत्यक्षात तिथे जमीन नावाची गोष्टच नाही. नुसते ग्रॅनाइटचे धोंडे, काही फ्रीजएवढे, काही रिक्षाएवढे, मधल्या फटींत अंधार, आणि खोल कुठेतरी पाण्याचा आवाज. प्रत्येक पाऊल म्हणजे एक निर्णय. हात टेकायचा, बूड टेकायचं, पलीकडच्या धोंड्यावर पाय ठेवून तो हलतो का बघायचं, मग वजन टाकायचं. पाठीवर पंधरा किलो. तासाभराने मागे वळून पाहिलं तर आम्ही सुरुवात केली तो हिरवा तुकडा हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर होता.

सह्याद्रीचा माणूस इथे फसतो तो असा. आपला बसाल्ट घसारा बारीक असतो, पाय घसरतो पण घसरण ओळखीची असते. कड्याच्या पायथ्याच्या या ढिगांचं गणित वेगळं. वरून सुटलेल्या दगडांतले मोठे दगड जास्त वेग घेऊन लांब गडगडतात, म्हणून सगळ्यात मोठे धोंडे उताराच्या तळाशी, म्हणजे नेमके पाण्याच्या कडेला. वर चढावं तसे दगड लहान होत जातात, पण लहान म्हणजे हलके, आणि हलके म्हणजे हलते. आम्ही दोन्ही करून पाहिलं. खाली वेळ गेला, वर काळजाचं पाणी झालं. मला विचाराल तर खालचे मोठे धोंडे बरे. ते निदान जागचे हलत नाहीत.

निदान बहुतेक हलत नाहीत. साडेअकराच्या सुमाराला मेव्हण्याने एका स्वयंपाकघराच्या ओट्याएवढ्या सपाट दगडी फळीवर पाय ठेवला आणि ती फळी तराजूसारखी कलली. तो पुढच्या धोंड्यावर झेपावला, काठी मात्र फटीत राहिली. फळी परत जागेवर बसली तेव्हा काठीचा खालचा भाग कागदासारखा चपटा झाला होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "दाजी, तिथे पाय असता तर?" मी काही उत्तर दिलं नाही. त्यानंतर आमचा वेग आणखी निम्मा झाला आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही.

नंतर लक्षात आलं, ती फळी स्वच्छ, उजळ पांढरट होती. आजूबाजूच्या धोंड्यांवर काळी-हिरवी दगडफुलं होती. दगडफूल वाढायला खूप वर्षं लागतात. ज्या दगडावर ते दाट आहे तो बऱ्याच काळात हललेला नाही. नितळ, नवाकोरा दिसणारा दगड नुकताच आलेला असू शकतो. हा काही अचूक नियम नव्हे, पण दोन दगडांतला एक निवडायचा असेल तर मी आता दगडफुलाचा निवडतो. पाऊस पडून गेला असेल तर मात्र उलट, कारण ओलं दगडफूल शेवाळासारखं निसरडं होतं.

म्हणून पुढच्या वेळी मी मैल मोजणार नाही. मळलेल्या वाटेवर ताशी दोन मैल धरा. गवत आणि सपाट कातळावर एक मैल. अशा धोंड्यांत अर्धा मैल, आणि तेही तिघांतला सगळ्यात हळू चालणारा कोण ते बघून. उपग्रह फोटो घरीच मोठा करून बघा. एकसंध पिवळट करडा रंग म्हणजे वाळू किंवा बारीक घसारा. करड्या रंगात काळे ठिपके ठिपके दिसले तर ती धोंड्यांची सावली आहे, आणि फोटोत एकेक ठिपका वेगळा दिसत असेल तर तो दगड केवढा असेल याचा अंदाज बांधा. कॅलटोपो या नकाशांच्या संकेतस्थळावर उताराचे रंग टाकून पाहिलेत तर खिंडीचा तीव्रपणा कळतो, पण धोंडे त्यात दिसत नाहीत. माझी चूक तीच झाली. रंग सौम्य दिसला म्हणून मी निर्धास्त होतो.

दुसरं, परत फिरण्याची वेळ लिहून ठेवा. आमची होती दुपारी दोन: दोनपर्यंत कोल गाठला नाही तर मागे. आम्ही पावणेदोनला माथ्यावर पोचलो, म्हणजे थोडक्यात वाचलो. उन्हाळ्यात इथे दुपारी ढग जमतात, विजा पडतात, आणि धोंड्यांच्या ढिगातून पळता येत नाही. त्या दिवशी आभाळ कोरडं होतं हे आमचं नशीब. पलीकडच्या बाजूलाही दोन बिननावाची तळी आणि पुन्हा तेच धोंडे. कोल ओलांडला म्हणजे सुटलो असं समजू नका. उतरणीला गुडघे जास्त बोलतात.

मग डार्विन बेंच आला आणि सगळं माफ झालं. कातळाच्या पायऱ्यापायऱ्यांवर लहान तळी, मधून वाहणारे ओहोळ, आखूड गवत. बायकोने बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि पंधरा मिनिटं कोणाशी बोलली नाही.

तिसरा दिवस विश्रांतीचा. खाली उतरून एव्होल्यूशन तळ्यापर्यंत (१०,८५० फूट) जाऊन आलो. तिथे जॉन म्यूर ट्रेल ही प्रसिद्ध लांब पल्ल्याची वाट लागते, त्यामुळे माणसं भेटतात. आजूबाजूच्या शिखरांना १८९५ मध्ये थिओडोर सॉलोमन्सने उत्क्रांतीच्या विचारवंतांची नावं दिली: डार्विन, हक्सले, वॉलेस, हेकेल, स्पेन्सर, फिस्क. लामार्कचं नाव मात्र बाजूच्या धारेवर. त्याचा सिद्धांत मागे पडला तरी बाहेर पडायची वाट त्याच्याच खिंडीतून जाते, हे मला आवडलं.

स्वयंपाकाचं सांगतो, कारण यात आपली माणसं हमखास चुकतात. ११,००० फुटांवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ शिजत नाही. मूगडाळीची खिचडीही आमची पहिल्या रात्री कचकचीत राहिली आणि गॅस मात्र संपत आला. त्यानंतर दडपे पोहे, मेतकूट घातलेला तयार भात, दाण्याची चटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू यांवरच भागवलं. सगळं अन्न अस्वलांसाठीच्या कडक डब्यात कोंबावं लागतं, सव्वा किलोचं ते धूड. चिवडा त्यात जागा खातो, चुरून भरा. दात घासायची पेस्टसुद्धा त्यातच ठेवा. आम्हाला अस्वल दिसलं नाही, पण घामाच्या मिठासाठी मार्मॉटने (खारीच्या कुळातल्या जाड्या प्राण्याने) बायकोच्या काठीचा पट्टा रात्रीत कुरतडला. म्हणजे तिघांत मिळून धड काठ्या उरल्या चार. शेकोटीला इतक्या उंचीवर बंदी आहे, आणि तंबू पाण्यापासून १०० फूट लांब.

लामार्कसाठी चौथ्या रात्री डार्विन कॅन्यनच्या वरच्या तळ्यांपाशी झोपलो आणि पहाटे निघालो. खालून धारेवर चार-पाच बेचकी सारखीच दिसतात. खिंडीचा बिंदू घरूनच फोनच्या नकाशात टाकून आणा, आणि कागदी नकाशाही ठेवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते. चढ वाळू आणि सुट्या दगडांचा. मागचा माणूस पुढच्याच्या बरोबर खाली येणार नाही असं तिरपं चाला. माझ्या पायाखालून एक नारळाएवढा धोंडा सुटला तेव्हा मेव्हणा सवयीने ओरडला, "दगड आला!" खालून चढणारे दोघे अमेरिकन त्याच्याकडे बघून हसले आणि हात हलवला. दगड त्यांच्यापासून बराच लांबून गेला. इथे "रॉक!" ओरडायचं, हे निघतानाच पाठ करून घ्या.

माथ्याच्या पूर्वेला लगेच खाली एक बर्फाचा पट्टा असतो. आम्ही ऑगस्टअखेर गेलो, दहाच्या सुमाराला तो मऊ झाला होता आणि टाच रोवत उतरता आलं. त्याआधी पोचलात तर तो काचेसारखा कडक असेल, मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे खिळे) न्या किंवा ऊन चढेपर्यंत थांबा. २०२३ सारख्या विक्रमी हिमवर्षावाच्या वर्षी ही फेरी सप्टेंबरवरच ढकलावी. जुलैत गेलात तर डास तुमच्यासाठी सज्ज असतात.

त्यापुढे वाळूची लांबच लांब उतरण, अप्पर लामार्क तळं, आणि तिथून मळलेली वाट. रेंज सगळ्या फेरीत नाही. आम्ही सॅटेलाइट मेसेंजरवरून रोज संध्याकाळी घरी एक ओळ पाठवत होतो, आणि "शनिवारी रात्री नऊपर्यंत काही कळलं नाही तर शेरीफला फोन कर" असं एका मित्राला लिहून दिलं होतं.

गाडी वाटेच्या तोंडाशी लावता येत नाही. पार्किंग कॅम्पग्राउंडपासून अर्धा मैल लांब आहे. तो अर्धा मैलही हिशेबात धरा. मेव्हण्याने कॅम्पग्राउंड दिसताच बूट काढून चपला घातल्या होत्या, आणि उरलेलं पाणी ओतून टाकलं होतं.