चपलेची करकर

"समदं झ्याक दिसतंय, पण चपलंची करकर कुठं गेली?" आज कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, काकांनी आपल्या दुकानाचा नवा व्हिडिओ पाहून एवढेच विचारले आणि मोबाईल माझ्या हाती परत दिला.

तो व्हिडिओ मी तयार केला होता. चित्रण स्वच्छ होते, प्रकाशही चांगला होता. मात्र खिळा न वापरता चामड्याच्या वादीने तळ शिवणारे त्यांचे हात जेमतेम 3 सेकंद दिसत होते, आणि चपलेचा आवाज मी घातलेल्या संगीताखाली पूर्ण दबला होता.

कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या अस्सल वस्तूलाच ते नाव वापरू देणारी सरकारी नोंद) मिळाले, तरी तिची नक्कल त्याच नावाने सर्रास विकली जाते, आणि दूरच्या ग्राहकाला चप्पल हातात घेऊन वाकवून पाहता येत नाही. त्याने खरी वस्तू ओळखायची कशी? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा रंग व्हिडिओत जसाच्या तसा उमटला, शिवणीजवळ कॅमेरा पुरेसा थांबला, तरच ते शक्य आहे, असे मला मनापासून वाटते.

उद्या सकाळी, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्यापूर्वी, मी पुन्हा जाणार आहे आणि माईक चपलेजवळ ठेवणार आहे. तुमच्या ओळखीच्या कारागिराच्या कामाचा आवाज कोणी टिपून ठेवला आहे का?